गाठ कोणाची, आणि जिवंत की मेलेली?

ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मांसाहाराला उंबरठ्याच्या आत प्रवेश मिळालेला नाही, अशा एखाद्या माळकरी कुटुंबातील तरुणाला ऐन विशीत एकाएकी फेफरे यावे, सीटी स्कॅनमध्ये त्याच्या मेंदूत वाटाण्याएवढी गाठ दिसावी, आणि ‘ही डुकरात वाढणाऱ्या पट्टकृमीची अळी आहे’ असे डॉक्टरांनी सांगावे, हा प्रसंग आपल्याकडील मेंदुविकारतज्ज्ञांना नवा नाही. नवा असतो तो त्या कुटुंबाला. संताप आणि अविश्वास यांच्या भरात ते दुसऱ्या डॉक्टरांकडे धाव घेतात, तेथेही तेच उत्तर मिळते, आणि मग मुलाने बाहेर काही खाल्ले असावे असा संशय घरात धुमसू लागतो. हा संशय बहुतेक वेळा निराधार असतो. तो का निराधार आहे हे समजले, म्हणजे पट्टकृमींच्या अळ्यांपासून माणसाला होणाऱ्या सर्वच रोगांचे, त्यांतील अतिविरळ प्रकार धरून, निदान आणि उपचार इतके अवघड का असतात याचाही निम्मा खुलासा होतो.

एका कृमीचे दोन संसार

पट्टकृमी म्हणजे फितीसारखा चपटा, अनेक खंडांचा जंत. त्याचे आयुष्य सहसा दोन निरनिराळ्या प्राण्यांत विभागलेले असते. प्रौढावस्थेत तो एका प्राण्याच्या आतड्याला शीर्षाने घट्ट धरून राहतो आणि त्याची अंडी विष्ठेवाटे बाहेर पडतात. ही अंडी दुसऱ्या प्राण्याच्या पोटात गेली की त्यांतून सहा सूक्ष्म आकड्यांचा गर्भ बाहेर येतो, आतड्याची भिंत भेदतो, रक्तप्रवाहात शिरतो आणि मांसात, यकृतात किंवा मेंदूत मुक्काम करून अळीचे रूप घेतो. या दुसऱ्या प्राण्याला पहिल्याने खाल्ले, म्हणजे अळीचा पुन्हा प्रौढ कृमी होतो. डुकराशी निगडित असलेल्या पट्टकृमीच्या, म्हणजे टीनिया सोलियमच्या बाबतीत प्रौढ कृमीचे घर माणसाचे आतडे, आणि अळीचे घर डुकराचे मांस. फ्रीड्रिख क्यूखेनमाइस्टर या जर्मन वैद्याने 1855 साली देहान्ताची शिक्षा झालेल्या एका कैद्याला अळ्या असलेले मांस खाऊ घातले आणि शिक्षेच्या अंमलबजावणीनंतर त्याच्या आतड्यात कोवळे पट्टकृमी शोधून काढून या दोन संसारांचा संबंध सिद्ध केला. प्रयोग निर्णायक होता, आणि आजच्या कोणत्याही सभ्य समाजात त्याला परवाना मिळू नये इतका निर्दयही होता.

यातून ध्यानात येईल की न शिजलेले डुकराचे मांस खाणाऱ्याच्या पोटात प्रौढ कृमी होतो. त्या मांसामुळे त्याच्या मेंदूत अळी होत नाही. मेंदूत अळी होते ती कृमीची अंडी गिळणाऱ्याच्या, कारण अंडे गिळताच माणूस त्या चक्रातील डुकराची जागा घेतो. ही अंडी येतात पोटात कृमी बाळगणाऱ्या माणसाकडून: त्याच्या नखांखालून, शौचानंतर न धुतलेल्या हातांवरून, मैलापाण्यावर पिकवलेल्या आणि कच्च्याच खाल्लेल्या भाजीवरून. न्यूयॉर्कमध्ये डुकराचे मांस धर्माने निषिद्ध मानणाऱ्या सनातनी ज्यू कुटुंबांतील काही जणांना हाच रोग झाल्याचे 1992 साली प्रसिद्ध झाले, तेव्हा तपासाचा रोख अखेर लॅटिन अमेरिकेतून आलेल्या आणि नकळत पट्टकृमी बाळगणाऱ्या घरकामगारांकडे वळला. शाकाहार प्रौढ कृमीपासून संरक्षण देतो, अळीपासून देत नाही.

मृत्यूनंतरचा बोभाटा

अळी शरीरात शिरली की लगेच दुखणे सुरू होत नाही, ही या रोगांची सर्वांत विलक्षण आणि उपचाराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट होय. हिंदुस्थानात नोकरी करून मायदेशी परतलेल्या ब्रिटिश सैनिकांना पुढे फेफरे येऊ लागल्याच्या हकीकतींचा अभ्यास विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झाला, आणि 1961 साली डिक्सन व लिप्सकोम यांनी अशा 450 रुग्णांचा तपशीलवार अहवाल प्रसिद्ध केला. बहुसंख्यांना संसर्गानंतर काही वर्षांतच त्रास झाला होता खरा. परंतु काही जणांच्या बाबतीत ही मुदत तीस वर्षांपर्यंत लांबली होती. इतकी वर्षे ती अळी करीत काय होती?

एखाद्या जुन्या वाड्याच्या मागल्या खोलीत एकटाच राहणारा, देवडीवरच्या पहारेकऱ्याशी संधान बांधून असलेला भाडेकरू कल्पनेत आणावा. तो जिवंत आहे तोवर पहारेकरी त्याच्या दाराकडे पाहत नाही, आणि शेजाऱ्यांना त्याचा पत्ताही नसतो. मात्र तो मेला, दोन दिवस दार उघडले नाही, की बोभाटा होतो, दार फोडले जाते, पोलीस येतात, पंचनामा होतो, आणि या सगळ्या धांदलीत वाड्याच्या भिंतीची जी नासधूस होते ती त्या भाडेकरूने हयातीत कधी केलेली नसते. जिवंत अळी आपल्या पातळ आवरणातून अशी द्रव्ये सोडीत असते की शरीराची प्रतिकारयंत्रणा तिच्याकडे काणाडोळा करते. ती वार्धक्याने किंवा औषधाने मरू लागली, की हे संधान तुटते, पांढऱ्या पेशी तिच्यावर तुटून पडतात, भोवताली सूज येते, आणि मेंदूतील ही सूजच आकडीला कारण होते. म्हणजे रुग्णाला होणारा त्रास बव्हंशी अळीचा नसून तिच्या मृत्यूनंतर शरीराने आरंभलेल्या कारवाईचा असतो.

मेंदूतील अळी या प्रवासात चार अवस्थांतून जाते. आधी स्वच्छ द्रवाने भरलेली पुटी, म्हणजे पातळ भिंतीची गाठ. मग द्रव गढूळ होऊन भोवती सूज. मग आकसलेला कठीण कण. आणि अखेरीस कॅल्शियम साचून झालेला खडा. गाठ यांपैकी कोणत्या अवस्थेत आहे हे ठरविल्याखेरीज उपचाराची कोणतीही तजवीज करता येत नाही.

सावलीवरून ओळख पटविणे

सीटी स्कॅन येण्यापूर्वी डॉक्टरांच्या हाती फार थोडे होते. स्नायूंतील मेलेल्या अळ्यांचे खडे क्ष-किरण चित्रात भाताच्या दाण्यांसारखे दिसत, त्वचेखाली बारीक गाठी हाताला लागत, आणि त्यांवरून मेंदूत काय असावे याचा तर्क करावा लागे. 1971 साली सीटी स्कॅनचा प्रथम उपयोग झाला आणि पुढच्या दशकात ही यंत्रे भारतात आली, तेव्हा नवाच पेच उभा राहिला. आकडी येणाऱ्या तरुणांच्या मेंदूत कडेने उजळणारी एकच लहान कडी दिसू लागली. क्षयरोगाने ग्रासलेल्या आपल्या देशात तिला क्षयाची गाठ मानून दीर्घकाळ क्षयाची औषधे देण्याचा शिरस्ता पडला. आणि गाठ नाहीशी झाली की औषधाचा गुण आला असे समजले जाई. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील मॅथ्यू चांडी, वेदान्तम राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा काही गाठी शस्त्रक्रियेने काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा त्यांत क्षय नव्हता, मरू घातलेली पट्टकृमीची अळी होती. 1989 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अशा बहुतेक गाठी केवळ आकडीचे औषध चालू ठेवले तरी काही महिन्यांत आपोआप विरतात, हेही पुढे स्पष्ट झाले. ज्याला आपण क्षयाच्या औषधाचा विजय समजत होतो तो मृत अळीचा नैसर्गिक निचरा होता! भारतीय वैद्यकाने जगाला दिलेल्या या मोलाच्या शोधाची आपल्याकडे व्हावी तितकी वाखाणणी झालेली नाही, असे मला वाटते.

आज एमआरआय चित्रात पुटीच्या आत अळीचे शीर्ष ठिपक्यासारखे दिसले, तर निदानाविषयी शंकाच उरत नाही. ते दिसले नाही तर रक्तातील प्रतिपिंडांची, म्हणजे अळीविरुद्ध शरीराने तयार केलेल्या प्रथिनांची परीक्षा करतात. परंतु तिच्यावर विसंबून राहण्यात धोका आहे. मेंदूत एकच गाठ असेल तर ही परीक्षा पुष्कळदा नकारार्थी येते, आणि रुग्णाच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली तरी ती मेंदूतील गाठीचीच आहेत असे सिद्ध होत नाही. म्हणून रुग्णाची कैफियत, चित्रातील गाठीचा आकार, रक्ताचा दाखला आणि काळाच्या ओघात गाठीत होणारा बदल या सर्वांची एकमेकांशी रुजुवात घालूनच निर्णय करावा लागतो.

कुत्रा, मेंढी आणि कोल्हा

दुसऱ्या एका पट्टकृमीचा प्रौढ संसार कुत्र्याच्या आतड्यात असतो. लांबी अवघी काही मिलिमीटर. याची अळी मेंढीच्या, आणि चुकून माणसाच्या, यकृतात किंवा फुप्फुसात द्रवाने भरलेली मोठी गाठ करते. हीच हायडॅटिड गाठ. जेथे मेंढरे कापून त्यांची गाठाळलेली यकृते राखणीच्या कुत्र्यांपुढे टाकली जातात, तेथे हे चक्र अखंड चालू राहते, आणि कुत्र्याच्या केसांना चिकटलेली अंडी लाडाने कुरवाळणाऱ्या मुलाच्या हाताला लागतात. महाराष्ट्रातील मेंढपाळांच्या वस्त्यांना हा इशारा अप्रस्तुत नाही.

या गाठीत सुई घालणे पूर्वी महापातक समजले जाई. आतील द्रव पोटात सांडला तर रुग्णाचा रक्तदाब क्षणात कोसळतो, आणि द्रवातील सूक्ष्म शीर्षांपासून पोटभर नव्या गाठी उगवतात. ट्युनिशियात हा रोग मुबलक. तेथील हसन घर्बी यांनी 1981 साली सोनोग्राफीतील रूपावरून गाठींचे वर्गीकरण केले, आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञमंडळाने ते सुधारून पाच वर्ग ठरविले. त्याच दशकात सोनोग्राफीच्या नजरेखाली बारीक सुईने द्रव काढून घेणे, आत तीव्र मिठाचे पाणी किंवा अल्कोहोल सोडणे आणि तेही पुन्हा काढून घेणे, ही पद्धती पुढे आली. मात्र गाठीचा पित्तवाहिनीशी संबंध असल्यास हेच द्रव्य पित्तमार्ग जाळून टाकते, म्हणून असा संबंध आहे का याची तपासणी आधी होते. आणि सुईच्या आधी व नंतर आल्बेन्डाझोल हे औषध दिले जाते. ज्या गाठीत कन्यापुटींची दाटी झाली आहे तिला बहुधा शस्त्रक्रियाच लागते. आणि जी गाठ आतून घट्ट होऊन कॅल्शियमने मढली आहे तिला काय करावे? काहीही नाही, वरचेवर सोनोग्राफी करीत पाहत राहावे. पोटात गाठ असताना ‘काही करू नका’ हा सल्ला रुग्णाच्या गळी उतरविणे हेच कित्येकदा डॉक्टरांचे सर्वांत कठीण काम असते.

> चौकट : नावे सारखी, वागणूक वेगळी
> डुकराच्या पट्टकृमीची अळी साधारण एक सेंटीमीटरची, एका शीर्षाची. मेंदू, स्नायू, डोळा या तिच्या आवडीच्या जागा. कुत्रा व मेंढी यांच्यातील हायडॅटिड गाठ एकसंध, मोठी, हळूहळू फुगणारी. मुख्यतः यकृत आणि फुप्फुस. कोल्हा व उंदीर यांच्यातील अळी गाठ न करता कर्करोगासारखी पसरणारी, आरंभ यकृतात. स्पार्गॅनम ही फितीसारखी, शरीरात चालती अळी. सीन्यूरस म्हणजे एकाच पुटीत अनेक शीर्षे.

कोल्ह्याच्या पट्टकृमीची अळी या सर्वांत भयंकर. ती यकृतात फुग्यासारखी वाढत नाही, तर मुळे फुटावीत तशी आजूबाजूच्या पेशींत घुसते. जुने वैद्य तिला यकृताचा कर्करोगच समजत. रुडॉल्फ फिरखो यांनी 1855 साली, म्हणजे क्यूखेनमाइस्टरच्या प्रयोगाच्याच वर्षी, हा परोपजीवी कृमी आहे हे दाखवून दिले. स्वित्झर्लंड, दक्षिण जर्मनी, अलास्का, पश्चिम चीन हा तिचा मुलूख. जपानच्या उत्तरेकडील रेबून बेटावर 1920 च्या दशकात उंदरांचा बंदोबस्त व्हावा आणि कातडी मिळावी म्हणून कुरील बेटांवरून कोल्हे आणून सोडण्यात आले, आणि 1936 साली तेथे पहिला मानवी रुग्ण सापडला. उंदरांच्या बंदोबस्ताची ही किंमत बेटाने पुढे कित्येक वर्षे चुकती केली. उपचार न झाल्यास निदानानंतर दहा वर्षांत सुमारे नव्वद टक्के रुग्ण दगावतात. यकृताचा ग्रस्त भाग निरोगी कडेसकट कापून काढणे आणि त्यानंतर किमान दोन वर्षे आल्बेन्डाझोल, हा उपाय. आणि शस्त्रक्रिया शक्य नसेल तर तेच औषध बहुधा जन्मभर, कारण ते या अळीला मारीत नाही, तिची वाढ तेवढी थोपविते.

मेंदूतून चालत जाणारी अळी

आता ज्या रोगाचे रुग्ण बहुतेक डॉक्टरांच्या साऱ्या कारकिर्दीत एकदाही पाहण्यात येत नाहीत, त्या स्पार्गॅनमकडे वळू. या अळीचा प्रौढ पट्टकृमी मांजर-कुत्र्यांच्या आतड्यात राहतो. त्याची पहिली अळी पाण्यातील सायक्लॉप्स या सूक्ष्म जीवात आणि दुसरी बेडूक किंवा साप यांच्या मांसात वाढते. हा सायक्लॉप्स आपल्या जुन्या पिढीला दुसऱ्या कारणाने परिचित आहे: पायऱ्यांच्या विहिरीतील पाण्याबरोबर तो पोटात गेला की नारू होत असे. नारूचे भारतातून समूळ उच्चाटन झाल्याचे 2000 साली जाहीर झाले. स्पार्गॅनमचे उच्चाटन करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण तो माणसावर अवलंबून नाही. माणूस गढूळ पाणी पितो, कच्चा बेडूक किंवा साप खातो, अथवा पूर्व आशियातील जुन्या उपचाराप्रमाणे दुखऱ्या डोळ्यावर बेडकाच्या मांसाचे पोटीस बांधतो, आणि अळी त्याच्या शरीरात येते. पॅट्रिक मॅन्सन यांनी चीनमधील अमॉय बंदरात एका मृतदेहाच्या तपासणीत या अळ्या प्रथम पाहिल्या आणि 1882 साली त्यांचे वर्णन झाले.

इंग्लंडमधील केंब्रिजच्या एका रुग्णाची हकीकत 2014 साली प्रसिद्ध झाली, ती मुळातून सांगण्याजोगी आहे. चिनी वंशाच्या या गृहस्थाला 2008 साली डोकेदुखी, आकडी आणि वास भलतेच येणे असा त्रास सुरू झाला. मेंदूच्या उजव्या बाजूला लहान कड्यांचा पुंजका दिसला. क्षय, सिफिलिस, एचआयव्ही अशा एकामागून एका परीक्षा नकारार्थी आल्या. मेंदूचा तुकडा काढून तपासला, त्यात सूज होती, कृमी नव्हता. पुढील चार वर्षे डॉक्टर एमआरआय काढीत राहिले, आणि चित्रे कालक्रमाने शेजारी ठेवली तेव्हा असे दिसून आले की कड्यांचा पुंजका मेंदूच्या उजव्या अर्धांतून डाव्या अर्धांत किमान पाच सेंटीमीटर सरकला आहे. कर्करोगाची गाठ वाढते, क्षयाची गाठ वाढते किंवा विरते. जागा सोडून पलीकडे जात नाही. शस्त्रक्रियेत सुमारे एक सेंटीमीटर लांबीची अळी सापडली, पण सूक्ष्मदर्शकाखाली तिची जात निश्चित ठरेना. तेव्हा त्या उतीतील डीएनए वाचून ती स्पायरोमेट्रा या वंशातील असल्याचे सिद्ध झाले, आणि सँगर इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांनी त्याच अल्पशा तुकड्यातून तिची संपूर्ण जनुकसंहिता वाचून काढली.

या अळीवर गोळ्यांचा भरवसा धरता येत नाही. ती शस्त्रक्रियेने, शीर्षासह, अखंड काढावी लागते. शीर्ष आत राहिले तर ती पुन्हा वाढते. तिचाच एक दुर्मीळ आप्त, ज्याचे वर्णन टोकियोच्या इजिमा यांनी 1905 साली केले, तो तर शरीरात फांद्या फोडीत आणि तुटत संख्येने वाढतच जातो. तो जवळजवळ निश्चितपणे प्राणघातक ठरतो.

सीन्यूरसची कथा याहून तोकडी. हा कुत्र्याचा पट्टकृमी मेंढीच्या मेंदूत अळी करतो आणि मेंढी एकाच दिशेने गरगर फिरू लागते; माणसात तो फार क्वचित आढळतो. चित्रात त्याची पुटी इतर पुटींसारखीच दिसते. शस्त्रक्रियेनंतर प्रयोगशाळेत भिंत उघडावी, आत शीर्षांचे पुंजके लागावेत, आणि तेव्हा कुठे नाव कळावे, हा त्याचा नेहमीचा क्रम.

मारावे की नाही, आणि केव्हा

प्राझिक्वान्टेल आणि आल्बेन्डाझोल ही औषधे 1980 च्या दशकात मेंदूतील अळ्यांसाठी वापरात आली, तेव्हा प्रश्न सुटला असे वाटले होते. प्रत्यक्षात वाद सुरू झाला. जिवंत अळी गप्प असेल आणि मरताना गोंधळ करीत असेल, तर तिला मुद्दाम मारावे का? लिमा येथील हेक्टर गार्सिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवंत पुटी असलेल्या रुग्णांवर केलेल्या आणि 2004 साली प्रसिद्ध झालेल्या परीक्षणातून असे दिसले की आल्बेन्डाझोलने सर्वांगाला येणाऱ्या आकड्या कमी होतात. म्हणून आज जिवंत पुटींना औषध देतात, परंतु सूज आवरणारे स्टेरॉइड आधी सुरू करून, त्याच्या छत्राखाली. नुसता खडा उरला असेल तर कृमीनाशक औषध व्यर्थ आहे. तेथे आकडीचे औषध पुरे. मेंदूत असंख्य अळ्या असून तो आधीच सुजलेला असेल, किंवा मेंदूतील पाण्याची वाट अडून कवटीतील दाब वाढला असेल, तर कृमीनाशक गोळी जीवघेणी ठरू शकते. तेथे आधी सूज उतरवावी, पाण्याला वाट करून द्यावी.

आणि डोळा. डोळ्याच्या आत, दृष्टिपटलाखाली किंवा काचद्रवात अळी असेल आणि ती तेथेच औषधाने मारली, तर तिच्यामागून उठणाऱ्या सुजेने दृष्टी कायमची जाऊ शकते. ती शस्त्रक्रियेने काढावी लागते. म्हणून मेंदूतील अळीसाठी कृमीनाशक सुरू करण्यापूर्वी नेत्रतज्ज्ञाकडून डोळ्याच्या आतील बाजूची तपासणी करणे हा उपचाराच्या मार्गदर्शक नियमांतील एक स्पष्ट नियम आहे. गर्दीच्या दवाखान्यात तो कधीकधी राहून जातो. आपल्या घरात कोणाला ही वेळ आली, तर दुकानातून आणलेली जंताची गोळी स्वतःहून घेऊ नये, स्टेरॉइड मनाने एकदम बंद करू नये, आणि पहिली गोळी घेण्याआधी ‘डोळे तपासले का?’ हा प्रश्न डॉक्टरांना निःसंकोच विचारावा.